ओटा घालण्याआधी: नव्या फ्लॅटचं स्वयंपाकघर कसं आखायचं

फ्लॅटचा ताबा मिळाला की आठवड्याभरात मॉड्युलर किचनवाल्यांचे फोन सुरू होतात आणि बोलणं थेट रंगावर जातं. शटर ग्लॉसी घ्यायचं की मॅट, वर पांढरं आणि खाली राखाडी की उलटं. रंगाचं काय, दहा वर्षांनी शटर बदललं की तोही बदलतो. सिंकचा ड्रेन, गॅसची जागा आणि ओट्याची उंची मात्र दगड बसला की बसली. पुढे हलवायची म्हटली तर फोडाफोड आली, टाइल्सचा जुना लॉट शोधणं आलं आणि खालच्या मजल्यावरच्यांशी वाजणंही आलं. म्हणून या लेखात ओटा घालण्याआधीचं काम जास्त आहे, शटरांबद्दल थोडंच.

नुसतं हवेत बोलायला नको, म्हणून एक खोली समोर ठेवू. पुणे-पिंपरीकडच्या टू बीएचकेमध्ये सर्रास दिसणारं ८ बाय ९ फुटांचं स्वयंपाकघर. एका आठ फुटी भिंतीतून जेवणाच्या जागेकडून आत यायचं. समोरच्या आठ फुटी भिंतीत डावीकडे खिडकी, उजव्या कोपऱ्यात ड्राय बाल्कनीचं दार. डावी-उजवी भिंत सलग नऊ फूट. एकूण ७२ चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४ चौरस फूट असावं लागतं आणि रुंदी किमान १.८ मीटर, जेमतेम सहा फूट. त्या हिशेबाने आपलं उदाहरण ऐसपैस नाही, पण अडचणीचंही नाही.

आधी स्वयंपाक कागदावर

टेप हातात घेण्याआधी घरात रोज काय शिजतं ते लिहून काढा. सकाळी डबे किती, पोळ्या किती, भाकरी रोज की कधीमधी? एका वेळी ओट्याशी एकच माणूस असतो की सासू-सून किंवा नवरा-बायको दोघं? भांडी घासायला बाई येतात का, आणि त्या सिंकमध्ये उभ्यानं घासतात की ड्राय बाल्कनीत बसून? गहू वर्षाचे भरता की पिठाची पिशवी महिन्याला येते? भाजी विळीवर चिरतात का? विळीवर बसणारी एक व्यक्ती घरात असेल तर जमिनीवर तीन बाय तीन फूट मोकळे राहायला हवेत आणि आयलंड, म्हणजे खोलीच्या मधोमध सुटा ओटा, वगैरे विषय तिथेच संपतो.

यादीतलं प्रत्येक उत्तर पुढे कुठे ना कुठे इंचात उतरतं. चाळीस पोळ्या होणाऱ्या घराचा ओटा आणि दोन माणसांच्या घरी रात्री खिचडी होते तो ओटा एकाच नकाशात बसत नाहीत. दुकानातला माणूस मात्र दोघांना एकच थ्रीडी चित्र दाखवतो, कारण त्याच्या संगणकात तेच तयार असतं.

मापं स्वतः घ्या

ब्रोशरवरचं माप कामाचं नाही. प्लास्टर आणि टाइल्स चढल्यावर खोली एक-दोन इंचांनी आकसते आणि ट्रॉलीच्या कामात एक इंच पुष्कळ असतो. पाच मीटरचा टेप घ्या आणि प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, ओट्याच्या पातळीला आणि डोक्याच्या वर. तिन्ही आकडे क्वचितच जुळतात. सगळ्यांत लहान आकडा धरून चालायचं.

मग भिंती गुण्यात आहेत का ते पाहा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. कमी-जास्त भरलं तर गवंड्याला आत्ताच सांगा, नाहीतर ओट्याचा दगड आणि भिंत यांच्यामध्ये पाचर राहते आणि ती पुढे पांढऱ्या सिमेंटने बुजवली जाते.

यासोबत खिडकीच्या कट्ट्याची जमिनीपासूनची उंची, बीम कुठून जातो, पाण्याचे आणि ड्रेनचे पॉइंट कुठे आहेत, दारं कुठल्या बाजूला उघडतात, हे सगळं नोंदवा. खिडकीचा कट्टा ओट्याच्या पातळीखाली येत असेल तर ते आत्ता कळलेलं बरं. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे तीन इंच धरून नकाशा काढा. चित्रकला यायची गरज नाही.

पाणी, विस्तव, फ्रिज आणि मधला ओटा

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण हा नियम तुम्हाला सगळीकडे भेटेल. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून तो रूढ झाला. प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट, तिन्ही मिळून १३ ते २६ फूट. त्याच्याही आधी, १९२६ साली, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं नेटकं स्वयंपाकघर आखलं होतं. बाईची पावलं आणि वेळ मोजून आखलेल्या स्वयंपाकघरांतलं ते गाजलेलं पहिलं. त्रिकोणाचा नियम चुकीचा नाही, पण तो एकच माणूस स्वयंपाक करतो असं धरून चालतो आणि पोळी लाटणं त्याच्या गावीही नाही. आपल्याकडे सगळ्यांत जास्त वेळ हात चालतो तो सिंक आणि शेगडी यांच्यामधल्या मोकळ्या ओट्यावर. निवडणं, चिरणं, कणीक मळणं, लाटणं, डबे भरणं, सगळं तिथेच. तेव्हा आधी हा मोकळा, सलग तुकडा राखा. किमान अडीच फूट, जमलं तर तीन. बाकीच्या वस्तू त्याच्या दोन्ही बाजूंना बसवा.

आपल्या उदाहरणात डाव्या नऊ फुटी भिंतीवर मुख्य ओटा घेऊ. खिडकीकडून सुरुवात केली तर वाटणी अशी: एक फूट धुतलेली भांडी निथळायला, दोन फूट सिंक, अडीच फूट मोकळा ओटा, अडीच फूट शेगडी आणि शेवटी, आत येण्याच्या बाजूला, एक फूट. बेरीज नऊ. ड्रेन ड्राय बाल्कनीच्या बाजूला असतो, म्हणून सिंक खिडकीकडे. शिवाय सिंकपाशी उभं राहून बाहेर बघता येतं, हेही काही कमी नाही.

शेवटच्या एक फुटाला लोक नेहमी कात्री लावतात आणि शेगडी थेट भिंतीला किंवा ओट्याच्या टोकाला नेऊन भिडवतात. पोळ्या करताना पाहा: उजव्या हाताला पोळपाट, समोर तवा आणि डाव्या हाताला भाजलेली पोळी टाकायचा डबा. डब्याला जागा नसेल तर तो दुसऱ्या बर्नरवर चढतो, आणि मग आमटी उतरवल्याशिवाय पोळी होत नाही. शिवाय कढईचा दांडा ओट्याच्या टोकाबाहेर डोकावला तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागतो. घरात लहान मूल असेल तर हे अधिकच जपायचं.

उजव्या भिंतीवर दाराजवळ चार फुटांचा छोटा ओटा, त्याला लागून अडीच फूट फ्रिजसाठी आणि उरलेले अडीच फूट ड्राय बाल्कनीत जायला मोकळे. फ्रिज अगदी दाराशी ठेवावा असं बरेच जण सुचवतात, म्हणजे पाणी घ्यायला येणारे आत घुसत नाहीत. मला ते पटत नाही. दाराशी ठेवलेला फ्रिज शेगडीच्या पाठीमागे येतो आणि फोडणी घालत असताना मागे दार उघडतं. फ्रिज मोकळ्या ओट्यासमोर असला की भाजी काढली, वळलं, ओट्यावर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी छोट्या ओट्यावर दाराजवळ पाण्याचं पिंप किंवा माठ ठेवा. पाणी पिणारे तिथूनच परत जातात.

दोन ओट्यांमध्ये आता चार फूट राहतात, फ्रिजपाशी साडेतीन. तीन फुटांखाली जाऊ नका. खालची ट्रॉली ओढली की ती दीड-पावणेदोन फूट बाहेर येते आणि समोर उभं राहायलाही जागा लागते. त्रिकोण मोजलात तर तिन्ही बाजू मिळून १३ फुटांच्या आसपास भरतो, म्हणजे पुस्तकी नियमातही बसतो.

तुमच्याकडे समोरच्या भिंतीत दार नसेल तर एल आकार घेता येतो. एलचा कोपरा दिसायला मोठा, कामाला अर्धा. आतली दोन बाय दोन फूट जागा हाताला लागत नाही. तिथे फिरत्या महागड्या जाळ्या बसवण्यापेक्षा क्वचित लागणारी मोठी पातेली ढकलून द्यावीत. यू आकारात असे दोन कोपरे येतात, तेव्हा दहा फुटांपेक्षा अरुंद खोलीत यूच्या वाटेला मी जात नाही.

नकाशा जमला की खोलीत जाऊन खडूने जमिनीवर काढा. सिंक, शेगडी, फ्रिज, सगळं खऱ्या मापात. फ्रिजच्या जागी पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. मग चहा करायचा अभिनय करा: भांडं घे, पाणी घे, गॅस पेटव, दूध काढ, गाळणं शोध. बघणारा हसेल, हसू द्या.

वास्तूचं काय, हा प्रश्न येतोच. गॅस आग्नेयेला आणि तोंड पूर्वेला हे जुळून येत असेल तर उत्तमच, घरातल्या मोठ्यांनाही बरं वाटतं. पण त्यासाठी शेगडी थेट खिडकीखाली जात असेल तर नको. वाऱ्याने ज्योत विझते, गॅस मात्र येत राहतो.

ओट्याची उंची

बिल्डरचा ओटा बहुधा ३२ ते ३४ इंचांचा असतो आणि तो कोणाच्याच उंचीसाठी घातलेला नसतो. जी व्यक्ती जास्त स्वयंपाक करते तिला घरात घालायच्या चपला घालून सरळ उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. कोपर ३८ इंचांवर असेल तर ओटा ३२ ते ३४ इंचांमध्ये कुठेतरी. पाच फूट आठ इंचांचा माणूस रोज स्वयंपाक करत असेल तर ३६ इंचांपर्यंतही जातं.

एवढ्यावर थांबू नका, कारण प्रत्येक कामाची उंची वेगळी असते. लाटायला ओटा थोडा खाली हवा. खांद्याचं वजन लाटण्यावर यावं लागतं आणि पोळपाटाचीही स्वतःची उंची असते. शेगडी ओट्यावर ठेवली की तवा आणखी पाच-सहा इंच वर जातो. सिंकमध्ये उलटं होतं: नऊ इंच खोल सिंकच्या तळाशी भांडं घासताना कंबर वाकते. तिन्ही एका दगडावर साधायची असतील तर उत्तर पोळपाटाकडे थोडं झुकलेलं ठेवा. हातात पैसे आणि जागा असेल तर छोटा ओटा दोन-तीन इंच खाली घ्या आणि लाटणं तिकडे न्या, पण मग पोळी तव्यापर्यंत खोली ओलांडून जाणार, हेही ध्यानात घ्या.

आकडा पक्का करण्याआधी प्रत्यक्ष करून पाहा. जेवणाच्या टेबलावर पाट, जाड पुस्तकं रचून तेवढी उंची करा, वर पोळपाट ठेवा आणि खरोखर दहा-बारा पोळ्या लाटा. दुसऱ्या दिवशी एक इंच कमी करून पुन्हा. खांदे सांगतील. आणि गवंड्याला उंची सांगताना ‘फरशी झाल्यावर’ हे शब्द सांगायला विसरू नका, नाहीतर फरशीची जाडी तुमच्या आकड्यातून वजा होते.

ओट्याची खोली, म्हणजे भिंतीपासून कडेपर्यंत, दोन फूट ठीक. खाली जमिनीलगत चार इंच उंचीची आणि तितकीच आत गेलेली खाच ठेवून घ्या. पायाची बोटं तिथे शिरली की माणूस ओट्याच्या जवळ उभा राहू शकतो. दगडी मांडणीच्या ओट्यांमध्ये हे हमखास राहून जातं.

पाणी आणि ड्रेन

घरगुती वापराला २४ बाय १८ इंचांचं एकच खोल भांडं असलेलं सिंक पुरतं. दोन भांड्यांचं सिंक छान दिसतं, पण दोन्हींत परात आडवी बसत नाही. घरातली सगळ्यांत मोठी परात आणि कुकर दुकानात घेऊन जायला लाजू नका. नळ उंच मानेचा घ्या, म्हणजे कळशी, हंडा खाली बसतो. सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी वेगळ्या लाइनने येत असेल तर सिंकवर दोन नळांची सोय प्लंबिंगच्या वेळीच करा, आणि वॉटर प्युरिफायर पिण्याच्या लाइनवरच जोडला जातोय याची खात्री करा.

सिंकखालचं कपाट बंद खोकं करू नका. अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करायची तोटी, हाताला लागला पाहिजे, ट्रॅप, म्हणजे ड्रेनच्या पाइपचा पाणी धरून ठेवणारा बाक, उघडता आला पाहिजे. तिथे प्लायचा तळ नको. दगड किंवा फरशीच ठेवा. गळती कधीतरी होतेच.

गॅस, धूर, हवा

सिलिंडर वापरणार असाल तर तो उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर हवा, आणि रेग्युलेटरपर्यंत हात पटकन पोचायला हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला जमिनीलगत जाळी हवी. पाइपचा गॅस याच्या उलट, हवेपेक्षा हलका. तो वर चढतो. त्यासाठी वरचा झरोका महत्त्वाचा. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची लाइन सोसायटीत आली असेल किंवा यायची असेल तर पाइप कुठून येणार ते आधी विचारा. तो पाइप फर्निचरच्या मागे गाडायचा नाही आणि व्हॉल्व्ह शटरमागे दडवायचा नाही. रबरी नळी आयएसआय मार्कची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. नळीवर वर्ष छापलेलं असतं.

चिमणी बर्नरपासून साधारण २६ ते ३० इंच वर. नक्की माप त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलं घ्या. चिमणीची ताकद तिच्या जाहिरातीत जितकी असते, त्यातली बरीचशी डक्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या, वळणांत मरते. सहा इंची डक्ट, कमीत कमी वळणं. आपल्या उदाहरणात शेगडी दाराकडे असल्यामुळे डक्टला वरच्या कपाटांवरून सहा-सात फूट सरळ जाऊन खिडकीच्या भिंतीतून बाहेर पडावं लागेल. वर गेल्यावर एकच वळण. वरच्या कपाटांची उंची ठरवताना डक्टची ही जागा सोडायची. भिंतीला भोक पाडताना बीमला हात लावायचा नाही. बीममध्ये जाणारी जागा असेल तर डक्टने खाली यावं.

चिमणी असली तरी खिडकीत एक साधा एक्झॉस्ट पंखा असू द्या. सुकट भाजली किंवा मिरच्यांचा ठेचा केला की दोघांनाही काम असतं.

विजेचे पॉइंट

इथे कंजूषपणा नको. भिंत उघडी आहे तोवर एक पॉइंट वाढवायला फार पडत नाही, नंतर पट्टी मारून वायर फिरते आणि ती कायम तेलकट दिसते. उपकरणांची यादी करा, जी आज नाहीत पण पाच वर्षांत येतील तीही धरा. मिक्सर, प्युरिफायर, चिमणी यांना ६ अँपिअरचे पॉइंट चालतात. मायक्रोवेव्ह, ओव्हन, इंडक्शन, डिशवॉशर, छोटा गिझर यांना १६ अँपिअरचे हवेत, आणि जड उपकरणांसाठी डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वीज-पेटीपासून, स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) मागून घ्या. फ्रिजला स्वतःचा पॉइंट द्या, ज्याचं बटण घाईत कोणी बंद करणार नाही अशा जागी. घराच्या डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच, आहे का, तेही इलेक्ट्रिशियनला विचारा. ओल्या हाताने वावरायची ही खोली आहे.

ओट्यावरचे बोर्ड सिंकच्या नळापासून दोन फूट तरी दूर आणि शेगडीच्या मागे तर अजिबात नाही. मोकळ्या ओट्यावर दोन प्लग, छोट्या ओट्यावर तीन. मिक्सर छोट्या ओट्यावर, मायक्रोवेव्हही तिथेच.

दिवा छताच्या मधोमध असला की ओट्याशी उभं राहिल्यावर आपलीच सावली विळी-सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढून ठेवा. कपाट टांगायला ड्रिल मारताना वायर आणि पाइप कुठे आहेत ते त्यावरून कळतं.

दगड आणि टाइल्स

ओट्यावर ग्रॅनाइट, १८-२० मिलिमीटर जाडीचा, आणि काळा किंवा गडद. संगमरवर सुंदर दिसतो, पण लिंबू, चिंच, आमसुलाच्या आगळेने त्यावर डाग आणि खड्डे पडतात, आणि आपल्या स्वयंपाकात यातलं एक तरी रोज असतं. जुन्या घरांतला कडप्पाही आम्लाला आणि तेलाला तसा हळवाच. आता तो ओट्याखालच्या उभ्या टेकूंसाठी आणि फळ्यांसाठी ठेवावा. क्वार्ट्झवर गरम कुकर थेट ठेवता येत नाही, तेवढी शिस्त घरात असेल तरच घ्या. दगडाच्या पुढच्या कडेला पाणी अडवणारी बारीक पट्टी लावून घ्या, आणि सिंककडे किंचित उतार. दोन्ही सांगितल्याशिवाय होत नाहीत.

भिंतीला ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत टाइल्स, सांधे इपॉक्सी ग्राउटने भरलेले. हळदीची फोडणी साध्या सिमेंटच्या सांध्यात कायमची राहते. खाली मॅट, न घसरणारी फरशी.

साठवण: आधी डबे, मग ट्रॉल्या

ओट्याखाली दगडी उभे टेकू घालून त्यांच्यामध्ये स्टीलच्या ट्रॉल्या बसवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि ती चांगली आहे. दगडाला वाळवी लागत नाही. गोची इतकीच होते, की गवंडी टेकू समान अंतरावर घालून मोकळा होतो आणि ट्रॉलीवाला नंतर येतो. ट्रॉलीच्या जाळ्या ठरावीक रुंदीत मिळतात: १५, १७, १९, २१ इंच. चॅनलसाठी, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांसाठी, दोन्ही बाजूंना मिळून इंचभर जागा लागते. टेकूंमध्ये १९ इंच ठेवले तर १९ची जाळी बसत नाही, १७ची घ्यावी लागते आणि प्रत्येक कप्प्यात इंच-दीड इंच वाया जातो. म्हणून ट्रॉलीवाला आधी ठरवा, त्याच्याकडून आतल्या बाजूची मोकळी मापं लिहून घ्या आणि तो कागद गवंड्याच्या हातात द्या. टेकूची स्वतःची जाडीही त्यात धरलेली असावी.

कुठे काय? वरून पहिली कटलरीची उथळ ट्रॉली मोकळ्या ओट्याखाली. मिसळणाचा डबा, चहा-साखर शेगडीच्या उजव्या हाताच्या पहिल्या कप्प्यात. ताटांची उभी ट्रॉली सिंकजवळ, म्हणजे निथळलेली ताटं दोन पावलांत आत जातात. डाळी-तांदळाचे डबे छोट्या ओट्याखाली. घरातले डबे झाकणासकट मोजा आणि त्यावरून ट्रॉलीची उंची ठरवा. नव्या ट्रॉलीसाठी नवे डबे घेणं ही उधळपट्टी. परात, तवे, पोळपाट, किसणी कोणत्याच जाळीत धड बसत नाहीत. त्यांच्यासाठी शेगडीशेजारी चार-सहा इंचांची उभी फट सोडा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त वापरली जाणारी जागा हीच ठरते.

वरची कपाटं १२ ते १४ इंच खोल. ओट्यापासून किमान १८ इंच वर, नाहीतर मिक्सरचं भांडं वर आपटतं. पाच फूट एक इंचाच्या व्यक्तीचा हात सहा फुटांच्या वर सहज जात नाही, त्यामुळे त्यावरचे कप्पे हे दिवाळीच्या सोऱ्या-चकलीच्या साच्यांसाठी. वर्षाचे गहू भरत असाल तर कोठी जमिनीवर, कोरड्या भिंतीशी. ड्राय बाल्कनीत पावसाची झड येते आणि माळ्यावर पन्नास किलो चढवायचे कोणी?

देव्हारा स्वयंपाकघरात असेल तर तो सिंकच्या भिंतीवर नको आणि निरांजनाच्या वर दीड फूट तरी लाकूड नको.

सुतार, मॉड्युलर आणि कोटेशन

प्लायवर शिक्का बघा. आयएस ३०३ हा दमट हवेला टिकणारा साधा प्लाय, आयएस ७१० हा उकळत्या पाण्यालाही टिकणारा, बाजारात ज्याला मरीन म्हणतात तो. ओट्याखालच्या सगळ्या कामाला ७१०. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड वरच्या कपाटांना एक वेळ चालेल, खाली नाही. शटरच्या चारही कडांना पट्टी लागलीय का ते हात फिरवून पाहा, विशेषतः खालच्या कडेला; फरशी पुसताना पाणी तिथूनच शिरतं. ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या असल्याचं बिलावर लिहून घ्या. लोहचुंबक लावून ३०४ आणि २०२ यांतला फरक कळत नाही, दुकानदाराने कितीही दाखवलं तरी.

कोटेशनमध्ये ‘रनिंग फूट’चा, म्हणजे ओट्याच्या लांबीच्या दर फुटाचा, दर दिसला की त्यात ट्रॉल्या, बिजागऱ्या, चॅनल, कडेचे पॅनल धरलेत का ते विचारा. बहुतेक वेळा नसतात. दोन कोटेशनं तुलनेला घ्यायची तर वस्तूनिहाय यादीच मागा.

कामाचा क्रम असा: सोसायटीची लेखी परवानगी, प्लंबिंग आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, ओट्याचे टेकू आणि दगड, टाइल्स, रंगाचा पहिला हात, मग फर्निचरची अंतिम मापं. टाइल्स होण्याआधी कोणी फर्निचरची मापं पक्की करून गेलं असेल तर त्याला पुन्हा बोलवा. चिमणी आणि शेगडी सगळ्यांत शेवटी.

काम संपलं असं सांगितलं जाईल तेव्हा शेवटचा हप्ता हातात ठेवा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली टॉर्च मारून ट्रॅप पाहा. ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. प्रत्येक ट्रॉली डब्यांनी भरून ओढा. रिकामी सगळ्यांचीच छान सरकते. चिमणी चालू करून जाळीला कागद धरा, आणि मायक्रोवेव्ह, मिक्सर, फ्रिज एकाच वेळी चालवून एमसीबी पडतो का तपासा. एक दिवस पूर्ण स्वयंपाक करा, पोळ्यांसकट. मग जे खटकेल ते लिहून द्या आणि ते झाल्यावर पैसे.